फिजिओ आणि नर्सिंगला असलेल्या दोघी मैत्रिणींनी ॲनाटॉमी-फिजिओलॉजीची पुस्तकं एकत्र घ्यावीत का?

तुझा प्रश्न वाचला. तू बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीच्या, फर्स्ट इयरला, तुझी शाळेपासूनची मैत्रीण बीएससी नर्सिंगला, दोघी रोज बदलापूरहून एकाच लोकलने मुंबईत येता, सीनियरने ११ पुस्तकांची यादी हातात ठेवलीय आणि ती सगळी नवी घ्यायची म्हटली तर घरी सांगायचीसुद्धा पंचाईत, म्हणून दोघींनी मिळून एकच सेट घ्यावा, किंवा त्याहून बरं म्हणजे ॲनाटॉमी-फिजिओलॉजी एकत्र असलेलं एकच जाडजूड पुस्तक घ्यावं आणि आलटून पालटून वाचावं, असा तुमचा विचार चाललाय. शाळा मराठी मीडियमची, अकरावी-बारावी इंग्लिशमधून झाली तरी पान वाचायला वेळ लागतो म्हणून मराठीत काही मिळेल का, आणि ग्रेज ॲनाटॉमी घ्यायलाच पाहिजे का, हेही विचारलंयस. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट बघते आणि बरीच वर्षं फर्स्ट इयरला ॲनाटॉमी शिकवतेय, नर्सिंगच्या मुलींनाही शिकवलंय, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

उत्तर आधीच देऊन टाकते. ॲनाटॉमीचं, म्हणजे शरीराच्या रचनेचं, पुस्तक दोघींचं वेगळं पाहिजे. फिजिओलॉजीचं, म्हणजे शरीर कसं काम करतं त्याचं, एक चालेल. ॲटलास, म्हणजे शरीराच्या चित्रांचं पुस्तक, एकच घ्या आणि वाटून वापरा. ११ पुस्तकं दोघींना मिळूनही लागत नाहीत.

ॲनाटॉमी वेगळी का, ते एका स्नायूवरून सांगते. खांद्यावरचा डेल्टॉइड घे. तुझ्या मैत्रिणीला त्याच्याबद्दल काय माहीत पाहिजे? इंजेक्शन कुठे द्यायचं, त्यासाठी खांद्याच्या टोकाचं ॲक्रोमिऑनचं हाड बोटाने कसं चाचपायचं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली स्नायूच्या मधोमध सुई का घालायची, अगदी वर का नाही (तिथे खाली बर्सा, म्हणजे सांध्याजवळची द्रवाची पिशवी असते) आणि फार खाली का नाही, कारण ॲक्रोमिऑनपासून साधारण ५ ते ७ सेंटिमीटर खाली ॲक्सिलरी नर्व्ह ह्युमरसला, म्हणजे दंडाच्या हाडाला, मागून वळसा घालून येते. एवढं तिला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, आणि हे तिच्या पेशंटसाठी खरोखर महत्त्वाचं आहे.

आता तुला त्याच डेल्टॉइडचं काय पाहिजे ते बघ. तो क्लॅव्हिकलच्या (गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या) बाहेरच्या एक तृतीयांश भागावरून, ॲक्रोमिऑनवरून आणि स्कॅप्युलाच्या (फऱ्याच्या हाडाच्या) स्पाइनवरून, म्हणजे त्याच्यावरच्या आडव्या कडेवरून, असा तीन ठिकाणांहून निघतो, सगळे धागे ह्युमरसच्या डेल्टॉइड ट्युबरॉसिटीला (हाडावरच्या उंचवट्याला) येऊन मिळतात, पुढचे धागे हात पुढे उचलतात आणि आत फिरवतात, मधले बाजूला उचलतात, मागचे मागे नेतात आणि बाहेर फिरवतात, नर्व्ह ॲक्सिलरी, रूट (मानेच्या कण्यातून निघणाऱ्या नर्व्हचं मूळ) सी ५ आणि सी ६. बाजूला उचलायची सुरुवात सुप्रास्पायनेटस हा स्नायू करतो, डेल्टॉइड पुढे नेतो आणि स्कॅप्युला फिरल्याशिवाय हात कानापर्यंत पोचतच नाही. हे सगळं तुला यासाठी लागतं की उद्या खांदा निखळून बसवलेला पेशंट तुझ्यासमोर येईल, हात बाजूला उचलता येत नाही म्हणेल, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला छोट्याशा भागात कातडी बधिर असेल, आणि तुला तिथल्या तिथे ॲक्सिलरी नर्व्ह आठवली पाहिजे. मग कुठले धागे किती जोर लावतायत ते हाताने तपासायचं, त्यावर व्यायाम ठरवायचा. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक हाता-पायाच्या स्नायूबद्दल तुला एवढं बोलता आलं पाहिजे. नर्सिंगच्या पुस्तकात हे नसतं, नसावंच, आणि तुझ्या पुस्तकातून मैत्रिणीने अभ्यास केला तर ती अप्पर लिंबमध्येच (खांद्यापासून हातापर्यंतच्या भागात) अडकून बसेल आणि किडनीपर्यंत पोचणार नाही.

शिवाय तिच्याकडे वेळ कमी आहे. बीएससी नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून सेमिस्टरचा झालाय आणि अप्लाइड ॲनाटॉमी, अप्लाइड फिजिओलॉजी दोन्ही पहिल्याच सेमिस्टरमध्ये आहेत. म्हणजे तिला काही महिन्यांत पूर्ण शरीर एकदा फिरून यायचंय. तिच्यासाठी रॉस अँड विल्सन बरोबर आहे. मूळ पुस्तक १९६३ सालचं, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं, आता दुसरे लेखक त्याच्या आवृत्त्या काढतात. त्यात आधी रचना, मग काम, मग त्या अवयवाचे नेहमीचे आजार असा क्रम असतो आणि इंग्लिश सरळ आहे, वाक्यं छोटी. तिच्या कॉलेजने आशालतांचं नर्सिंगसाठीचं पुस्तक सांगितलं असेल तर तेही चालेल, इथल्या परीक्षेच्या पद्धतीला ते जवळचं आहे, पण दोन्ही घेऊ नये. कॉलेजमध्ये मॅडम ज्याच्यावरून शिकवतात ते घ्यावं.

तुझ्यासाठी बी. डी. चौरसिया. सगळे बीडीसी म्हणतात. पहिली आवृत्ती १९७९ ची, ग्वाल्हेरच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या चौरसियांनी लिहिलेली. एमबीबीएसची मुलंही हेच वाचतात, म्हणून काही जण तुला सांगतील की फिजिओला एवढं कशाला. अप्पर लिंब आणि लोअर लिंबला (पायाच्या भागाला) एवढं लागतं. उलट पोटाच्या भागात एमबीबीएसवाल्यांइतकं खोल जायची तुला गरज नाही, तिथे सिलॅबस समोर ठेवून काय सोडायचं ते पेन्सिलने खुणा करून घे. मला बीडीसी आवडतं याचं मोठं कारण त्यातल्या साध्या रेषांच्या आकृत्या, त्या पेपरात पाच मिनिटांत काढता येतात. नुसत्या देखण्या आकृत्यांच्या पुस्तकावरून अभ्यास केलेली मुलं पेपरात आकृती काढताना अडतात, हे मी दरवर्षी बघते. दुसरा पर्याय विश्राम सिंग यांचं तीन व्हॉल्यूमचं पुस्तक, छपाई आणि रंग सुंदर, क्लिनिकल मुद्दे चांगले दिलेत. दोन्हीतलं कुठलंही घे, पण एकच घे आणि वर्षभर तेच धर, कारण ॲनाटॉमी पानावरच्या जागेसकट लक्षात राहते, उजव्या पानावर खाली ब्रेकियल प्लेक्ससची (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची) आकृती होती असं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, आठवतं, आणि दर महिन्याला पुस्तक बदललं की ते आठवणं बंद होतं.

आणि अजून एक गोष्ट, जी यादी देणाऱ्या सीनियरला सुचत नाही, ती म्हणजे पुस्तकाचं वजन. तू बदलापूरहून सव्वा-दीड तास प्रवास करणार, सकाळच्या गर्दीत डब्यात उभं राहायला जागा नसते तिथे दोन-अडीच किलोचं पुस्तक बॅगेत घालून कोण नेणार, आणि नेलं तरी उघडणार कुठे. टॉर्टोराचं ॲनाटॉमी-फिजिओलॉजी कंबाइन पुस्तक खरंच उत्तम आहे, स्नायूंचे तक्तेही ओरिजिन-इन्सर्शन-नर्व्हसकट (स्नायू कुठून निघतो, कुठे जुळतो, कुठली नर्व्ह) दिलेत त्यात, पण ते टेबलावर ठेवून वाचायचं पुस्तक आहे, लायब्ररीत वाच. बीडीसी व्हॉल्यूममध्ये येतं, पहिल्यात अप्पर लिंब आणि थोरॅक्स (छाती), दुसऱ्यात लोअर लिंब, ॲब्डोमेन (पोट), पेल्व्हिस (ओटीपोट), तिसऱ्यात हेड-नेक, चौथ्यात ब्रेन. ज्या महिन्यात जे चालू असेल ते एक व्हॉल्यूम बॅगेत राहतं आणि परतीच्या गाडीत खिडकी मिळाली तर उघडताही येतं. सगळे व्हॉल्यूम एकदम विकतही घेऊ नकोस. पहिला आत्ता, बाकीचे तो भाग सुरू होईल तेव्हा. पैशाचं ओझंही असं वाटलं जातं.

आता दुकानात पुस्तक बघायचं कसं. परळला केईएमच्या आसपास मेडिकल पुस्तकांची दुकानं आहेत, तिथे उभं राहून चाळू देतात. जाताना एक टॉपिक ठरवून जा, जो वर्गात शिकवून झालाय आणि तुला अर्धवट कळलाय. पूर्ण कळलेला नको, अजिबात न कळलेलाही नको. समजा क्युबिटल फोसा, म्हणजे कोपराच्या पुढचा खळगा. दोन-तीन पुस्तकांत तेवढंच पान काढ आणि शेवटपर्यंत वाच. आकृतीत जे नाव आहे ते मजकुरात सापडतं का? मिडियन क्युबिटल व्हेन वर, तिच्या खाली बायसिपिटल ॲपोन्युरोसिस, त्याच्या खाली ब्रेकियल आर्टरी आणि मिडियन नर्व्ह, हा वरून खाली जाणारा क्रम पुस्तक सांगतं का नुसती यादी देतं? रक्त काढायला तिथलीच व्हेन का निवडतात, मधला तो पातळ पडदा खालच्या आर्टरीला कसं झाकतो, हे लिहिलंय का? आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून स्वतःच्या कोपरावर बोट ठेवून बघ, बायसेप्सचा टेंडन लागतो का, त्याच्या आतल्या बाजूला आर्टरीचे ठोके लागतात का. ज्या पुस्तकाने तुला हे करता आलं ते तुझं पुस्तक, बाकी कोण काय वाचतं ते सोडून दे. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा, ही वीस मिनिटं घालवणं फार गरजेचं आहे.

मराठीचा प्रश्न इथेच घेते. परीक्षा इंग्लिशमध्येच लिहायचीय, व्हायवाही इंग्लिशमध्ये, त्यामुळे मुख्य पुस्तक इंग्लिशच ठेव. माझ्या अनुभवात मराठी मीडियमच्या मुलींचं घोडं इंग्लिश भाषेमुळे अडत नाही, ते दिशांच्या शब्दांवर अडतं. मेडियल, लॅटरल, अँटीरियर, पोस्टीरियर, प्रॉक्सिमल, डिस्टल, सुपरफिशियल, डीप. हे आठ-दहा शब्द अंगात मुरले नाहीत की प्रत्येक वाक्य परदेशी वाटतं, आणि मुरले की बीडीसीचं अख्खं पान त्याच त्या वाक्यांचं बनलेलं दिसायला लागतं. यासाठी चौरसियांचंच जनरल ॲनाटॉमीचं हँडबुक आहे, पातळ आहे, सुरुवातीच्या आठवड्यांत तेवढं एक पुरं वाचून काढ. मार्जिनमध्ये मराठीत लिहायला अजिबात लाजू नकोस. नाव इंग्लिशमध्ये पाठ कर आणि ते कसं चालतं ते मराठीत समजून घे, आणि दोघी एकाच गाडीत असताच तर एकमेकींना मराठीत समजावून सांगा, त्यात जिथे अडखळाल तिथे पुस्तक परत उघडायचं.

फिजिओलॉजी एकत्र का चालेल, तर तिथे तुमच्या दोघींचं काम खरंच एक होतं. ऑपरेशननंतर काही दिवस पलंगावर पडून असलेल्या पेशंटला पहिल्यांदा उठवून उभं करायचं, हे तुम्ही दोघी करणार, कदाचित एकाच वॉर्डात. पेशंट उभा राहतो, अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये खाली उतरतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून बीपी खाली. मग मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि एओर्टिक आर्चमधले बॅरोरिसेप्टर (रक्ताचा दाब ओळखणारे) कमी ताणले जातात, नवव्या आणि दहाव्या क्रेनियल नर्व्हमधून मेडुलाला (मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाला) जाणारे संदेश घटतात, मेडुला सिम्पथेटिक नर्व्हचं काम वाढवतो, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी जागेवर. निरोगी माणसात हे काही सेकंदांत होतं आणि कळतही नाही. बरेच दिवस पडून असलेल्या, किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या, किंवा शरीरातलं पाणी कमी झालेल्या माणसात हे पुरेसं पटकन होत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. म्हणून आधी बसवायचं, पाय लटकवायचे, घोटे हलवायला लावायचे, बीपी बघायचं, मग उभं करायचं. हे वाचताना प्रत्येक पायरीला का हा प्रश्न पडतो आणि पुढच्या ओळीत उत्तर मिळतं, असं पुस्तक म्हणजे चांगलं फिजिओलॉजीचं पुस्तक. नुसते बुलेट पॉइंट असतील, बीपी रेग्युलेशन शॉर्ट टर्म, लाँग टर्म, त्याच्या खाली सहा नावं, तर ते परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठीक आहे, शिकायला नाही.

म्हणजे ॲनाटॉमीचं पुस्तक निवडताना त्यातलं किती दिसतंय ते बघायचं, आकृती, क्रम, जागा. फिजिओलॉजीचं निवडताना त्यातलं किती जोडलं जातंय ते बघायचं. कंबाइन पुस्तकात या दोनपैकी एक बाजू बहुतेक वेळा कमी पडते, आणि फिजिओच्या विद्यार्थ्याला ॲनाटॉमीची बाजू कमी पडून चालत नाही.

फिजिओलॉजीत तुमच्या दोघींसाठी माझी निवड सेंबुलिंगम, एसेन्शियल्स ऑफ मेडिकल फिजिओलॉजी. भाषा सोपी, फ्लोचार्ट भरपूर, एकेका प्रश्नाचं उत्तर एका जागी सापडतं. मैत्रिणीने मुख्य वाचन रॉस अँड विल्सनमधून करावं आणि जिथे ते दोन ओळींत आटपतं, जसं की नेफ्रॉन (किडनीतली गाळणी) किंवा ॲक्शन पोटेन्शियल (नर्व्हमधला विजेचा संदेश), तिथे हे उघडावं. ए. के. जैन यांचं दोन व्हॉल्यूमचं पुस्तकही मुलं वाचतात, मुद्देसूद आहे, मार्कांच्या दृष्टीने चांगलं, पण पहिल्यांदा विषय शिकणाऱ्याला ते थोडं कोरडं जातं. दुकानात इथेही तीच पद्धत वापरा, टॉपिक मात्र वेगळा. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर गाळते आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, मग बाकीचं पाणी कुठे, कसं आणि कुणाच्या सांगण्यावरून परत गेलं, हे ज्या पुस्तकात एका बैठकीत कळेल ते घ्या.

गायटनचं फिजिओलॉजीचं पुस्तक विकत घेऊ नका, लायब्ररीतून घ्या, पण घ्याच. हृदय, रक्ताभिसरण आणि किडनी या तीन ठिकाणी त्याच्यासारखं समजावून सांगणारं पुस्तक मला माहीत नाही. आर्थर गायटन सर्जन व्हायला निघाले होते, १९४६ साली रेसिडेन्सीत असताना पोलिओ झाला, एक पाय, एक हात आणि दोन्ही खांदे कायमचे कमजोर झाले, ऑपरेशन करणं शक्य राहिलं नाही, म्हणून ते फिजिओलॉजीकडे वळले. स्वतःच्या आणि इतर पेशंटांच्या सोयीसाठी त्यांनी जॉयस्टिकवर चालणारी मोटरची व्हीलचेअर बनवली. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९५६ ची, आणि पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकट्याने लिहिल्या. मी फिजिओच्या मुलांना हे मुद्दाम सांगते, कारण आपण ज्या पेशंटांबरोबर काम करतो त्यांच्यातलाच एक माणूस हे पुस्तक लिहून गेलाय. एका माणसाने लिहिलेलं असल्यामुळे एका धड्यातला विचार दुसऱ्या धड्यात पुढे सरकतो. इंग्लिश अवघड नाही, धडे मात्र लांब आहेत.

ग्रेज ॲनाटॉमी. आधी एक गोंधळ दूर करते, या नावाची दोन पुस्तकं बाजारात दिसतात. एक मूळ मोठं ग्रेज, ते सर्जन आणि पोस्ट ग्रॅज्युएट लोकांचं संदर्भाचं पुस्तक आहे, फर्स्ट इयरला त्याची काही गरज नाही. दुसरं ग्रेज ॲनाटॉमी फॉर स्टुडंट्स, ते २००५ पासून निघतं, विद्यार्थ्यांसाठी नव्याने लिहिलेलं आहे, रंगीत आहे आणि चांगलं आहे, पण तुझ्यासाठी बीडीसीच्या जागी नाही, फार तर जोडीला, तेही लायब्ररीतून. यादीत नुसतं ग्रेज लिहिलं असेल तर सीनियरला विचार की यातलं कुठलं.

पण ग्रेज मुंबईच्या मुलीने एकदा तरी हातात घेऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. १८५८ साली लंडनमध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा मजकूर हेन्री ग्रे यांचा होता आणि चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. पुस्तक निघालं त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आपल्या जेजेच्या आवारात, ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी शिकवायला लागले. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, नंतर ग्रँटचे प्रिन्सिपॉल झाले, कुष्ठरोगावर आणि रिलॅप्सिंग फीव्हरवर त्यांनी इथेच काम केलं. ग्रे मात्र १८६१ साली देवीच्या रोगाने गेले, वय ३४. कार्टरच्या चित्रांची खासियत अशी की नावं बाजूला बाण काढून न लिहिता थेट त्या हाडावर, त्या रक्तवाहिनीवर लिहिलेली असत, त्यामुळे नजर इकडून तिकडे पळत नाही. ही युक्ती तू तुझ्या वहीतही वापर. १९१८ ची अमेरिकन आवृत्ती कॉपीराइटमधून सुटलेली आहे, नेटवर फुकट बघायला मिळते. चित्रांसाठी बघ, मजकुरावर विसंबू नकोस, बरीच नावं आता बदललीत.

ॲटलास. नेटरचा चित्रांचा की फोटोंचा, हा नेहमीचा प्रश्न. नेटरची चित्रं हाताने रंगवलेली, आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी, सगळं स्वच्छ. डिसेक्शन हॉलमध्ये गेलीस की टेबलावर सगळं एकाच तपकिरी रंगाचं, नर्व्ह कुठली आणि टेंडन कुठला ते कळत नाही, आणि स्पॉटर्सची, म्हणजे समोर ठेवलेला भाग ओळखायची, परीक्षा तिथे असते. म्हणून शिकायला नेटर आणि प्रॅक्टिकलच्या आधी फोटोंचा ॲटलास, रोहेनचा किंवा मॅकमिन्सचा. विकत एकच घ्यायचा तर नेटर घ्या, तो वर्षानुवर्षं वापरता येतो, अगदी क्लिनिकमध्ये पेशंटला गुडघा समजावून सांगायलासुद्धा. फोटोंचा लायब्ररीत बसून बघा आणि खऱ्या स्पेसिमेनसमोर जितका वेळ मिळेल तितका काढा.

झेरॉक्सही नको, कारण तिथेही रंगांचा प्रश्न येतो. अप्पर लिंबचा अख्खा व्हॉल्यूम काळापांढरा झेरॉक्स करून मिळतो आणि मुलं घेतात, पैसे वाचतात हे खरंय, पण त्या पानावर आर्टरी, व्हेन आणि नर्व्ह तिन्ही राखाडी दिसतात आणि आकृतीचा अर्थच जातो. त्यापेक्षा जुनी आवृत्ती सेकंड हँड घे. किंग्ज सर्कलला फूटपाथवर, फोर्टला हुतात्मा चौकाच्या बाजूला बघ, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे तुझ्याच कॉलेजच्या थर्ड इयरच्या मुली, त्यांना पुस्तकं काढूनच टाकायची असतात. ॲनाटॉमीला एक-दोन आवृत्त्या मागे असलेलं पुस्तक खुशाल चालतं. फक्त दोन गोष्टी बघून घे. बीडीसी पूर्वी तीन व्हॉल्यूमचं होतं, हेड-नेक आणि ब्रेन एकत्र तिसऱ्यात, नंतर ब्रेन वेगळा चौथा झाला, त्यामुळे जुना तिसरा आणि नवा चौथा घेतलास तर ब्रेन दोनदा येईल. आणि पायातली जी नर्व्ह जुन्या पुस्तकात कॉमन पेरोनियल आहे तीच नव्यात कॉमन फिब्युलर, व्हायवाला दोन वेगळ्या समजून गडबडू नकोस.

फिजिओलॉजीत मात्र फार जुनं नको. एक उदाहरण सांगते, मेंदूला लिम्फॅटिक वाहिन्या नसतात असं आम्ही शिकलो, सगळ्या पुस्तकांत तसंच होतं, आणि २०१५ साली मेंदूभोवतीच्या मेनिंजेसमध्ये (आवरणांमध्ये) त्या असल्याचं उंदरांवरच्या कामातून दाखवलं गेलं. दहा-पंधरा वर्षं जुनं पुस्तक अशा ठिकाणी चुकीचं शिकवतं.

पायरेटेड पीडीएफ मोबाइलवर फिरतात हे मला माहितीय. त्याच्याऐवजी ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी घ्या, ते अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचं, कायदेशीर फुकट, २८ धडे, इंग्लिश एकदम सोपं. तुझ्या स्नायूंच्या अभ्यासाला ते पुरणार नाही, पण गाडीत उभ्या उभ्या मोबाइलवर फिजिओलॉजीचा एखादा धडा वाचायला दोघींनाही फार उपयोगी आहे, आणि मैत्रिणीला तर रॉस अँड विल्सन हातात येईपर्यंत त्याच्यावरच सुरुवात करता येईल.

यादीतलं आत्ता काय घ्यायचं नाही तेही सांगते. बायोमेकॅनिक्सची (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राची) जाड पुस्तकं, नॉर्किनचं जॉइंट स्ट्रक्चर अँड फंक्शन वगैरे, ही फार चांगली आहेत आणि तुला पुढे लागणारच आहेत, पण स्नायू आणि सांधे पक्के झाल्याशिवाय ती उघडण्यात अर्थ नाही. एम्ब्रिओलॉजी (गर्भाची वाढ) आणि हिस्टॉलॉजीची (ऊतींच्या सूक्ष्म रचनेची) वेगळी पुस्तकं नकोत, तुझ्या सिलॅबसला लेक्चरच्या नोट्स आणि लायब्ररीतलं इंदरबीर सिंग यांचं पुस्तक बास. गाइड आणि सोडवलेले पेपर परीक्षेच्या आधी बघू, आत्तापासून ते हातात असले की मुलं तेच वाचतात आणि व्हायवाला समोर हाड ठेवलं की गप्प बसतात.

हाडं मात्र पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहेत. कॉलेजमधून बोन सेट घरी देत असतील तर अर्ज आजच कर, नसतील तर सीनियरकडून प्लास्टिकचा सेट मिळतो का बघ. ह्युमरस हातात धरून बीडीसीचं पान उघडायचं, कुठल्या बाजूचा ते आधी ठरवायचं, मग डेल्टॉइड ट्युबरॉसिटी अंगठ्याने चाचपायची, तिच्या मागून तिरकी जाणारी रेडियल नर्व्हची खोबण शोधायची, आणि तीच जागा स्वतःच्या दंडावर. अशी तासभर वाचलेली चार पानं नुसत्या वाचलेल्या चाळीस पानांपेक्षा जास्त टिकतात.

तर या आठवड्यात तू जनरल ॲनाटॉमीचं हँडबुक आणि बीडीसीचा पहिला व्हॉल्यूम घे, सेकंड हँड मिळाला तर उत्तम. मैत्रिणीने रॉस अँड विल्सन घ्यावं. सेंबुलिंगम आणि नेटर दोघींत अर्धे अर्धे पैसे काढून घ्या. एवढंच, बाकी लायब्ररी. आणि फिजिओलॉजीचं पुस्तक पहिले काही महिने जास्त करून तिच्याकडे राहू दे, तिची सेमिस्टर परीक्षा आधी येणार, तोपर्यंत तुझा अप्पर लिंब चाललेला असेल.